विद्यापीठ प्रवेशाची इंग्रजी परीक्षा : ग्रामीण विद्यार्थ्याने तयारी कशी करावी?

बीड जिल्ह्याच्या पूर्व भागातील धर्मापुरी हे गाव तेथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. अंबाजोगाई आणि परळी ही विद्येची व व्यापाराची केंद्रे या परिसरातच येतात. धर्मापुरीच्या पंचक्रोशीतील मुलामुलींना दहावी-बारावीपर्यंतचे शिक्षण आता दुर्लभ राहिलेले नाही. प्रश्न निर्माण होतो तो त्यापुढे. बारावीत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थीही दिल्ली, हैदराबाद वा वाराणसी येथील केंद्रीय विद्यापीठाचे नाव निघाले की थबकतो. तेथे प्रवेश परीक्षा असते, त्या परीक्षेत इंग्रजी असते, आणि इंग्रजी हा आपला प्रांत नव्हे, अशी त्याची समजूत झालेली असते. बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर केवळ या समजुतीपायी अर्जच न करणारे विद्यार्थी गावोगावी आढळतात.

ही समजूत कितपत खरी आहे, या परीक्षेत नेमके काय विचारले जाते, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला गावात राहून, फारसा खर्च न करता तिची तयारी कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न जुनाच आहे

इंग्रजीतील परीक्षा देऊन विद्यापीठाचे दार उघडण्याचा प्रसंग मराठी विद्यार्थ्यावर आजच आलेला नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, घेण्यात आली. त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांमध्ये महादेव गोविंद रानडे होते. पुढे १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत रानडे यांच्यासमवेत रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा १९०७ साली उत्तीर्ण झाले. या सर्वांच्या घरची भाषा मराठी होती.

मराठवाड्याची वाट याहून वेगळी आणि अधिक बिकट होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा विषय तेथे अनिवार्य होता. म्हणजे मराठी मुलाला घरी एक भाषा, वर्गात दुसरी आणि परीक्षेत तिसरीही, अशी कसरत करावी लागे. अशा परिस्थितीत अंबाजोगाई, म्हणजे त्या काळचे मोमिनाबाद, येथील योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारख्यांनी अध्यापन केले. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय २००० साली अंमलात आला. त्यापूर्वी मराठी शाळेतील मुलाला इंग्रजीची अक्षरओळख पाचवीत होत असे. आज बारावीत बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी इंग्रजीच्या अभ्यासाची किमान बारा वर्षे असतात, ही गोष्ट त्याने स्वतःच विसरू नये.

कोणत्या परीक्षेत किती इंग्रजी?

भीती दूर करण्याचा पहिला उपाय म्हणजे अचूक माहिती. सर्वच प्रवेश परीक्षा इंग्रजीत असतात, हा समज चुकीचा आहे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ ही परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते. अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ परीक्षाही २०२१ पासून मराठीत उपलब्ध आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांची प्रश्नपत्रिका मराठीत घेता येते. गणिताची मात्र इंग्रजीतच असते.

केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून ‘सीयूईटी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी सामाईक परीक्षा घेतली जाते. १३ भाषांपैकी कोणत्याही भाषेचा पेपर तीत निवडता येतो आणि या १३ भाषांत मराठी आहे. इतिहास, अर्थशास्त्र यांसारख्या विषयांचे पेपरही मराठी माध्यमातून देता येतात. यास्तव ज्या अभ्यासक्रमाला कोणतीही एक भाषा चालते, तेथे मराठीचा पेपर द्यावयास विद्यार्थ्याने मुळीच संकोच करू नये. तथापि अनेक अभ्यासक्रमांना इंग्रजीचाच पेपर आवश्यक असतो. कोणत्या विद्यापीठाला कोणते पेपर हवेत, हे विद्यापीठानुसार व अभ्यासक्रमानुसार बदलते. आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाची अट अर्ज भरण्यापूर्वीच वाचणे अगत्याचे आहे, कारण पेपरची निवड चुकली तर उत्तम गुण मिळूनही प्रवेश हुकतो.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ ही परीक्षा मात्र संपूर्ण इंग्रजीत होते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश याच परीक्षेतून होतात. २०२४ च्या प्रवेशापासून तीत १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवावयाचे असतात. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचे आकलन, तर्क आणि अंकगणित हे पाचही विभाग उताऱ्यांवर किंवा दिलेल्या माहितीवर आधारलेले असतात. ज्याला वकील वा न्यायाधीश व्हावयाचे आहे, अशा मराठवाड्यातील विद्यार्थ्याला घराजवळच्या विधी विद्यापीठासाठीही इंग्रजी उतारे वाचता आलेच पाहिजेत, असा याचा अर्थ होतो.

ही परीक्षा वाचनाची आहे

सीयूईटीमधील इंग्रजीच्या पेपरचे स्वरूप पाहू. २०२५ च्या परीक्षेत प्रत्येक पेपरला ५० प्रश्न व ६० मिनिटे होती आणि सर्व प्रश्न अनिवार्य होते. बरोबर उत्तरास ५ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, एकूण गुण २५०. इंग्रजीच्या पेपरात माहितीपर, कथनात्मक व साहित्यिक असे उतारे, वाक्यांचा वा वाक्यखंडांचा योग्य क्रम लावणे, योग्य शब्दाची निवड, समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, असे घटक येतात.

या यादीत काय नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. येथे निबंध लिहावयाचा नाही. मुलाखत नाही, उच्चारांची परीक्षा नाही. पाठ्यपुस्तकातील धड्यांची पाठ केलेली उत्तरे येथे उपयोगी पडत नाहीत. ‘मला फाडफाड इंग्रजी बोलता येत नाही’ हे कारण या परीक्षेपुरते गैरलागू आहे. समोरचा मजकूर वाचून त्याचा नेमका अर्थ लावता येतो की नाही, एवढेच येथे पाहिले जाते.

आणि वाचनाची ही शक्ती विद्यार्थ्याने आधीच कमावलेली असते, ती मराठीतून. मराठीतील अग्रलेख वाचून लेखकाचे म्हणणे काय, त्याने कारण कोणते दिले, तो कोणाशी असहमत आहे, हे ज्याला सांगता येते, त्याचे निम्मे काम झालेले असते. इंग्रजीत त्याला अडते ते दोन ठिकाणी : शब्द अपुरे पडतात आणि वाक्याची ठेवण अनोळखी वाटते. या दोन्ही अडचणींवर मात करण्याचा सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे जे आपल्याला मराठीत ठाऊक आहे, तेच प्रथम इंग्रजीत वाचणे.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे

पुष्कळ विद्यार्थी इंग्रजीचा अभ्यास एखाद्या जाड शब्दसंग्रहाने किंवा व्याकरणाच्या पुस्तकाने सुरू करतात आणि दुसऱ्या आठवड्यात तो सोडून देतात. याउलट, पुढील साधने कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांपासून आरंभ केल्यास अभ्यास टिकतो.

पहिले साधन बालभारतीची पाठ्यपुस्तके. इतिहास, भूगोल, विज्ञान या विषयांची पुस्तके मराठी व इंग्रजी या दोन्ही माध्यमांत एकाच आशयाची असतात आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेता येतात. अकरावीच्या विद्यार्थ्याने सहावी किंवा सातवीचे इतिहासाचे पुस्तक इंग्रजीत उघडावे. शिवाजी महाराजांचे चरित्र त्याला ठाऊकच आहे. त्यामुळे ‘फोर्ट’ म्हणजे किल्ला, ‘ट्रीटी’ म्हणजे तह, ‘रेव्हेन्यू’ म्हणजे महसूल, हे शब्द कोश न उघडताही उलगडत जातात. अडलेच तर तोच परिच्छेद मराठी पुस्तकात पाहावा. सहावीचे पुस्तक वाचण्यात कमीपणा मानू नये. पायरी चुकवून वर चढण्यापेक्षा खालच्या पायरीवरून निघालेला माणूस लवकर पोहोचतो.

दुसरे साधन संविधानाची उद्देशिका. ती बालभारतीच्या पुस्तकांत आरंभीच छापलेली असते, मराठी पुस्तकात मराठीतून आणि इंग्रजी पुस्तकात इंग्रजीतून. संपूर्ण उद्देशिका हे एकच वाक्य आहे. त्यातील कर्ता कोण, मुख्य क्रियापद कोणते, मधले शब्दसमूह कोणाशी जोडलेले आहेत, हे दोन्ही भाषांत शोधून पाहावे. लांब इंग्रजी वाक्य कसे सोडवावे, याचा असा उत्तम धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल. शिवाय सार्वभौम–‘सॉव्हरिन’, बंधुता–‘फ्रॅटर्निटी’, प्रतिष्ठा–‘डिग्निटी’ अशा मोलाच्या शब्दांच्या जोड्या हाती येतात, त्या वेगळ्याच.

तिसरे साधन पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धीपत्रके. केंद्र शासनाच्या निर्णयांविषयीची पत्रके या कार्यालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत आणि त्यांपैकी अनेक मराठीतही प्रसिद्ध होतात. एकच बातमी आधी मराठीत व मग इंग्रजीत वाचावी. ज्या गावी इंग्रजी वृत्तपत्र येत नाही, तेथील विद्यार्थ्याची उणीव यामुळे बऱ्याच अंशी भरून निघते. क्लॅटला बसणाऱ्यास चालू घडामोडींचाही यातून लाभ होतो.

या जोडवाचनाला रोज पाऊण तास पुरेसा आहे. दिवसाला इंग्रजीचे एकच पान नीट वाचले आणि पाच नवे शब्द वहीत उतरविले, तरी ३०० दिवसांत ३०० पाने आणि १,५०० शब्द होतात. त्यांतील अर्धे जरी पक्के झाले, तरी उताऱ्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याची स्थिती पार बदललेली असेल.

वाक्याची ठेवण

इंग्रजी वाक्य अवघड वाटते, कारण त्यात शब्दांचा क्रम आपल्या सवयीच्या उलट असतो. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. मराठीत ‘त्याने विकलेला बैल लंगडा होता’ असे आपण म्हणतो, म्हणजे बैलाचे वर्णन बैलाच्या आधी. इंग्रजीत ‘द बुलक दॅट ही सोल्ड वॉज लेम’, म्हणजे बैल आधी आणि त्याचे वर्णन मागून. येथे ‘सोल्ड’ हे मुख्य क्रियापद समजल्यास वाक्याचा अर्थ लागत नाही. ‘वॉज’ कोणासंबंधी आले आहे, हे शोधले की वाक्य सुटते. लांब वाक्य दिसताच प्रथम कर्ता आणि त्याचे क्रियापद यांना पेन्सिलीने जोडण्याची सवय लावावी.

जोडशब्दांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण उताऱ्याचा कल त्यांच्यावर फिरतो. ‘ऑल्दो द वेल वॉज डीप, इट रॅन ड्राय बाय मार्च’ याचा अर्थ ‘विहीर खोल होती, तरी मार्चपर्यंत आटली’. मराठीतील ‘तरी’ दुसऱ्या भागात येतो, इंग्रजीतील ‘ऑल्दो’ वाक्याच्या आरंभीच सूचना देतो. ‘अनलेस इट रेन्स, वी शॅल नॉट सो’ म्हणजे ‘पाऊस पडल्याशिवाय आम्ही पेरणार नाही’. ‘अनलेस’मध्येच नकार दडलेला असतो, हे न ओळखल्याने उत्तरे उलटी होतात. ‘हाउएव्हर’ म्हणजे ‘तथापि’. हा शब्द आला की लेखक आता वळण घेणार, हे समजावे, आणि लेखकाचे खरे म्हणणे बहुधा या वळणानंतर सापडते.

शब्दयोगी अव्ययांची धास्ती अशीच कमी करता येते. ‘अॅट’, ‘ऑन’ व ‘इन’ यांत गोंधळ होतो, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. पण आपणही ‘पाच वाजता’, ‘सोमवारी’ आणि ‘जूनमध्ये’ असे तीन वेगळे प्रकार वापरतोच. इंग्रजीत तेच ‘अॅट फाइव्ह’, ‘ऑन मंडे’ आणि ‘इन जून’ असे होतात. मराठीतील भेद आपण नियम पाठ करून शिकलो नाही, ऐकून व वाचून शिकलो. इंग्रजीतील भेदही बव्हंशी वाचनानेच अंगवळणी पडतात.

क्रम लावण्याचे प्रश्न

‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना मराठीत प्रतिशब्द नाही, असे सांगितले जाते. तथापि त्यांचे कार्य आपल्याला बालपणापासून परिचित आहे. गोष्ट सांगताना आजी प्रथम ‘एक राजा होता’ असे म्हणते आणि पुढच्या वाक्यात ‘त्या राजाला’ असे म्हणते. पहिल्या उल्लेखातला ‘एक’ म्हणजे ‘अ’, आणि ओळख झाल्यानंतरचा ‘तो’ किंवा ‘त्या’ म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘द’. वाक्यांचा क्रम लावण्याच्या प्रश्नांत ही एकच गोष्ट पुष्कळ साहाय्य करते. पुढील चार वाक्ये पाहा :

क) द टँक सप्लाइड वॉटर टू द होल व्हिलेज.
ख) सो इट स्लोली फिल्ड विथ सिल्ट.
ग) अ किंग वन्स बिल्ट अ टँक निअर अ टेम्पल.
घ) हाउएव्हर, नोबडी क्लीन्ड इट आफ्टर हिज डेथ.

राजा, तलाव व मंदिर यांचा पहिला उल्लेख ‘ग’मध्ये ‘अ’ लावून झाला आहे, म्हणून आरंभ तेथून. ‘क’मध्ये तलावाला ‘द’ लागले आहे, म्हणजे ओळख झालेली आहे; तो तलाव साऱ्या गावाला पाणी पुरवी. ‘घ’मध्ये ‘हाउएव्हर’ने वळण घेतले : राजाच्या मृत्यूनंतर तो कोणी साफ केला नाही. येथील ‘हिज’ राजाकडे बोट दाखवितो. ‘ख’मधील ‘सो’ परिणाम सांगतो : म्हणून तो हळूहळू गाळाने भरला. उत्तर ग, क, घ, ख. सर्वनाम कोणाबद्दल आले, ‘अ’ कोठे व ‘द’ कोठे, आणि जोडशब्द कोणता, हे तीन प्रश्न विचारले की असे कोडे सुटते.

शब्दसंपत्ती : धातू आणि उपसर्ग

शब्द सुटे पाठ केल्यास विसरतात, कुळानुसार शिकल्यास टिकतात. ‘हार’ या एका शब्दाला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार असे शब्द बनतात, हे आपण मराठीत शिकलो. इंग्रजीतही लॅटिन भाषेतून आलेले असे धातू आहेत. ‘लिहिणे’ या अर्थाच्या धातूपासून ‘डिस्क्राइब’ म्हणजे वर्णन करणे, ‘इन्स्क्रिप्शन’ म्हणजे कोरीव लेख, ‘मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणजे हस्तलिखित आणि डॉक्टरांचे ‘प्रिस्क्रिप्शन’ हे सारे शब्द आले. ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या धातूपासून ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’ व ‘ट्रान्स्पोर्ट’ हे शब्द आले आणि ते आपण बोलण्यात वापरतोही. वहीच्या एका पानावर एकच कूळ लिहावे आणि नवा नातेवाईक भेटला की त्याच पानावर त्याची नोंद करावी.

शब्दाचा अर्थ मात्र वाक्यातूनच ठरवावा. ‘फेअर’ म्हणजे जत्राही, न्याय्यही आणि उजळ वर्णाचाही. परीक्षेत विचारतात तो उताऱ्यातील अर्थ, कोशातील पहिला अर्थ नव्हे.

बारावीच्या इंग्रजी युवकभारतीचा अभ्यासही या दृष्टीने करावा. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यावरील आकलनाचे व भाषाभ्यासाचे प्रश्न असतातच. ते मार्गदर्शिकेतून पाठ न करता स्वतः सोडविल्यास एकाच श्रमात दोन परीक्षांची तयारी होते.

वेळ आणि गुण यांचे गणित

६० मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे प्रत्येक प्रश्नास सरासरी ७२ सेकंद. उतारा वाचण्याचा वेळही यातच येतो. म्हणून शब्दांचे प्रश्न लवकर आटोपून उताऱ्यांसाठी वेळ राखावा. उताऱ्याखालील प्रश्नांवरून आधी नजर फिरवावी, मग उतारा एकदा शांतपणे वाचावा. प्रत्येक उत्तराचा आधार उताऱ्यातील एखाद्या वाक्यात दाखविता आला पाहिजे. जे विधान खरे आहे, पण उताऱ्यात नाही, ते उत्तर नव्हे.

वजा गुणांची भीती अनेकांना असते. तिचेही गणित करून पाहावे. एखाद्याने ३५ उत्तरे बरोबर दिली, १० चुकली आणि ५ सोडली, तर १७५ मधून १० वजा जाऊन १६५ गुण होतात. चार पर्यायांपैकी दोन निश्चितपणे चुकीचे आहेत असे दिसत असेल, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडणे फायद्याचेच ठरते : एकदा ५ मिळाले आणि एकदा १ गेला, तरी पदरात ४ पडतात. क्लॅटमध्ये बरोबर उत्तरास १ गुण आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा, असे प्रमाण आहे. म्हणून पर्याय वगळण्याची सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

क्लॅट कागदावर होते, तर सीयूईटी २०२५ साली संपूर्णपणे संगणकावर झाली. पडद्यावर लांब मजकूर वाचण्याची सवय नसल्यास वेग मंदावतो. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात किंवा परिचिताच्या संगणकावर आधीच्या नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. किमान दहा तरी सोडवाव्यात आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चूक कशामुळे झाली, शब्दामुळे, वाक्यामुळे की घाईमुळे, याची नोंद ठेवावी.

अर्ज आणि कागदपत्रे

तयारी उत्तम असूनही संधी हुकते, ती बहुधा अर्जाच्या वेळी. २०२५ साली सीयूईटीचे अर्ज मार्च महिन्यात भरावयाचे होते, म्हणजे बारावीच्या बोर्ड परीक्षेच्या ऐन धामधुमीत. परीक्षा मे-जूनमध्ये झाली. वेळापत्रक दरवर्षी बदलू शकते. म्हणून डिसेंबरपासूनच परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे एनटीएच्या, अधिकृत संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा नजर टाकावी. क्लॅट अलीकडे डिसेंबरातच होत असल्याने तिचा अर्ज त्याही आधी, पावसाळ्यानंतर लगेच, भरून टाकावा.

दुसरी बाब जात प्रमाणपत्राची. राज्यातील प्रवेशांत विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग असे स्वतंत्र प्रवर्ग आहेत. केंद्रीय विद्यापीठांत हे प्रवर्ग नाहीत. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत असल्यास त्या प्रवर्गातून अर्ज करता येतो, पण त्यासाठी केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र तेथे चालत नाही. ते मिळण्यास वेळ लागतो, हे ध्यानी घेऊन दिवाळीच्या सुट्टीतच अर्ज करणे इष्ट.

पालक, शिक्षक आणि गाव

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हाच काळ बारावीच्या अभ्यासाचा असतो. या कुटुंबांतील मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर करण्यात आली. मुलाला व विशेषतः मुलीला फडावर न नेता वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे ठेवून शिकू देणे, ही पालकांनी करावयाची सर्वांत मोठी मदत आहे. ज्यांना फडावर जावेच लागते, त्यांच्याजवळ दोन पाठ्यपुस्तके आणि एक वही असली, तरी वर सांगितलेले जोडवाचन खंडित होत नाही.

शिक्षकांनी आठवड्यातून एक तास केवळ उतारावाचनाला द्यावा. त्यात भाषांतर सांगण्याऐवजी ‘हे उत्तर तुला कोणत्या वाक्यात सापडले?’ एवढाच प्रश्न विचारावा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर राज्यात वाचनालयांचे जाळे उभे राहिले. गावच्या वाचनालयाने एक चांगला इंग्रजी-मराठी कोश आणि इंग्रजी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांचा एक संच ठेवला, तर चार-पाच विद्यार्थ्यांचे अभ्यासमंडळ तेथे सहज जमू शकेल. या मंडळाने एखाद्या रविवारी केदारेश्वर मंदिरात जाऊन भिंतींवरील शिल्पांचे वर्णन इंग्रजीच्या दहा सोप्या वाक्यांत करून पाहावे. डोळ्यांसमोरच्या वस्तूला शब्द शोधले की ते सहसा विसरत नाहीत.

प्रवेश परीक्षा हे दार आहे, घर नव्हे. आत गेल्यावर व्याख्याने, ग्रंथ आणि चर्चा बव्हंशी इंग्रजीतच असतील. ज्याने पाठांतराच्या बळावर दार ढकलले, त्याला तेथे पुन्हा नव्याने आरंभ करावा लागतो. ज्याने वाचनाची सवय लावून घेतली, त्याची तयारी परीक्षेनंतरही कामी येते आणि समजा यंदा प्रवेश मिळाला नाही, तरी ती वाया जात नाही. अकरावीत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने या लेखातील दुसरे काही केले नाही, तरी आजच सहावीचे इतिहासाचे इंग्रजी पुस्तक मिळवावे, त्याचे पहिले पान वाचावे आणि अडलेल्या शब्दांसाठी मराठी पुस्तक शेजारी उघडून ठेवावे.